पत्त्यांची खोली आणि ट्रेडमिल

आमच्या जिमखान्याचा जिना चढून डावीकडे वळलं की पत्त्यांची खोली लागते. सहा टेबलं, वर हिरवी बनात; त्यातल्या दोन टेबलांवर ती इतकी झिजलीय की खालचं लाकूड दिसतं. भिंतीला लोखंडी कपाट, त्यात पत्त्यांचे जोड, लाकडी बोर्ड आणि दोऱ्याने बांधलेल्या हजेरीच्या जुन्या वह्या. येत्या सर्वसाधारण सभेपुढे या खोलीबद्दल एक ठराव येतोय: जागा व्यायामशाळेच्या विस्ताराला द्यावी आणि ब्रिज खेळणाऱ्यांची सोय 'उपलब्धतेनुसार' कॅन्टीनशेजारच्या व्हरांड्यात करावी. रेल्वेच्या वेटिंग लिस्टवर ज्याने एखादी रात्र काढलीय, त्याला 'उपलब्धतेनुसार' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

ठरावाचं मला फारसं नवल वाटलं नाही. त्यावरून सभासदांच्या ग्रुपवर तीन आठवडे जे चाललंय ते मात्र वाचवत नाही. एक बाजू म्हणते, चार म्हातारे पत्ते कुटतात त्यासाठी मोक्याची खोली अडवून ठेवलीय. दुसरी बाजू, म्हणजे आमची, गहिवरून परंपरेच्या गोष्टी सांगते. कोणीतरी द्यूतपर्व काढून द्रौपदीला मध्ये आणलं, लगेच दुसऱ्याने ब्रिजवेड्या अब्जाधीश वॉरन बफेला आणलं. मग कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस निघाला आणि विषय तिथेच राहिला.

माझं मत असं, की खोली राहिली पाहिजे. नात्यागोत्यात नसलेल्या, आपल्या मताच्या नसलेल्या माणसासमोर तीन-चार तास बसून, दोघांनाही मान्य असलेल्या नियमांनी झुंजता येईल अशा जागा गावात फार थोड्या उरल्यात. ही त्यातली एक आहे, आणि अशी जागा एकदा मोडली की पुन्हा मांडता येत नाही. एक कडू गोष्टही आधीच सांगून टाकते: ही खोली बंद करणं आज इतकं सोपं झालंय त्याचा दोष व्यायामशाळावाल्यांकडे जात नाही. तो आम्हा खेळणाऱ्यांचा आहे.

आधी आमच्याच बाजूची झाडाझडती घेते, कारण वकील वाईट असला की चांगला खटलाही बुडतो. परंपरेचा मुद्दा घ्या. आज आपण खेळतो तो काँट्रॅक्ट ब्रिज जेमतेम शंभर वर्षांचा आहे. १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर हॅरॉल्ड व्हॅन्डरबिल्टने जुन्या ऑक्शन ब्रिजची गुणपद्धत बदलली, आणि काही वर्षांत जुना खेळ अडगळीत गेला. म्हणजे ज्या खेळाचा जन्मच जुनं बदलून झाला, त्याच्या नावाने 'जसं आहे तसं ठेवा' म्हणायचं? आणि परंपरेचाच हिशेब मांडायचा तर मराठी मुलखात गंजिफा हा पत्त्यांचा खेळ ब्रिजच्या आधीपासून आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा एकशेवीस पानांची. गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, दिवसा डाव मांडला तर रामाची उतारी आणि रात्री कृष्णाची. किती देखणा नियम आहे हा! ती पानं आज शोभेच्या काचेत गेली आहेत. निव्वळ जुनेपणाने खेळ वाचत असता तर घरोघरी गंजिफा पिसली गेली असती.

दुसरा मुद्दा स्मृतिभ्रंशाचा. ग्रुपवर रोज एक फॉरवर्ड येतो की ब्रिज खेळणाऱ्याला विसराळूपणा शिवत नाही. या विषयावरचा एक अभ्यास बराच गाजला होता, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ४६९ वृद्धांचा, २००३ साली छापलेला. वाचन, पत्ते आणि बैठे खेळ, वाद्यवादन, नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं, हे खरं. पण पत्ते खेळल्यामुळे डोकं शाबूत राहतं, की डोकं शाबूत असलेलीच माणसं पत्ते खेळायला येतात, हा प्रश्न अशा पाहणीने सुटत नाही. शिवाय हा युक्तिवाद धोक्याचा आहे. उद्या शब्दकोड्यानेही तेवढाच गुण येतो असं निघालं, तर प्रत्येकाच्या हातात कोडं देऊन खोलीला कुलूप लावायचं का? आणि औषध म्हणूनच बोलायचं तर ट्रेडमिल आपल्यापेक्षा कैक पटींनी भारी पडेल. दुसऱ्याच्या मैदानावर जाऊन हरण्याची ही हौस मला कळत नाही.

तिसरा मुद्दा पदकाचा. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने सुवर्ण जिंकलं. एक साठ वर्षांचा, दुसरा छप्पन्न. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या आणि मिश्र संघालाही कांस्य मिळालं आणि पुढे हांगझोऊला पुरुषांच्या संघाला रौप्य. अभिमान वाटतोच. पण त्यांच्या सुवर्णाने बुधवारी तीन नो ट्रम्प (हुकमाशिवाय खेळायची बोली) बुडवणारी मी खेळाडू होत नाही. 'ब्रिज हा क्रीडाप्रकार आहे की नाही' हा वाद जगभर झालाय. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९९ साली मान्यता दिली. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१५ साली तिथल्या क्रीडा खात्याच्या व्याख्येत ब्रिज बसत नाही म्हटलं. युरोपीय न्यायालयाने २०१७ साली करसवलतीच्या प्रकरणात तेच सांगितलं. आणि त्याच इंग्लंडमध्ये हिचिन नावाच्या गावातल्या ब्रिज क्लबला २०११ साली धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी मिळाली. म्हणजे उत्तर प्रश्न विचारणाऱ्या खात्यावर अवलंबून. आपल्या खोलीचा निकाल त्यावर का टांगायचा?

आता विरोधकांकडे वळते. 'पत्ते म्हणजे जुगार' हा आक्षेप मी थट्टेवारी नेणार नाही, कारण त्यात तथ्य होतं. स्मरणिकेच्या निमित्ताने कपाटातल्या वह्या मी एकेक करून वाचल्या. सगळ्यात जुन्या वहीत प्रत्येक नावापुढे एक जास्तीचा रकाना आहे: पॉइंटला किती पैसे. रबर ब्रिज, म्हणजे दर डावाला पानं नव्याने वाटून खेळायचा ब्रिज, पैशांवर चालायचा, कधी कधी रात्री उशिरापर्यंत, आणि घरी वाट पाहणाऱ्या बायकांनी त्या खोलीला काय काय म्हटलं असेल याची कल्पना मला करता येते. माझ्या आईने माझ्या मामाला म्हटलेलं मी कानांनी ऐकलंय. मामा ब्रिज नव्हे, तीनपत्ती खेळायचे, पण आईच्या लेखी पत्त्यांत जात नव्हती.

कायद्याने मात्र ती पाहिली. १८८७ चा आपला जुगार प्रतिबंधक कायदा बघा. त्याच्या १३ व्या कलमाने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळलंय. सिकंदराबादच्या एका क्लबवर रमीवरून धाड पडली आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांच्या पीठाने १९६७ च्या नोव्हेंबरात दिलेल्या निकालात तीनपत्तीसारखा खेळ आणि रमी यांत फरक केला. कोणतं पान पडलं ते लक्षात ठेवावं लागतं, कोणतं धरायचं आणि कोणतं टाकायचं याला कसब लागतं. रमीत नशीब येतं ते ब्रिजच्या वाटणीत येतं तेवढंच, असं न्यायालय म्हणालं. गंमत पाहा: रमीला सज्जन ठरवायला ब्रिजची साक्ष काढली गेली. पण त्याच निकालात पुढे ताकीदही आहे, की खेळाच्या आडून क्लब किंवा कोणी नफा कमवत असेल तर तो गुन्हाच. ही ताकीद आमची मंडळी सोयीने विसरतात. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांनी किती घरं धुतली हे सगळ्यांनी पाहिलंय, २०२५ साली केंद्राला बंदीचा कायदा करावा लागला. अशा वातावरणात कोणी पत्त्यांकडे संशयाने पाहिलं तर त्याला अडाणी म्हणण्यात काही हशील नाही. आमच्या खोलीत पैसे बंद होऊन कित्येक वर्षं झाली, एवढं सांगावं, वह्या दाखवाव्या आणि पुढे जावं.

पण नशिबाचं काय? तेरा पानं हातात येतात ती कोणी निवडून घेत नाही. बावन्न पानांतून तेरा पानांचे हात पडतात ते ६३,५०१ कोटींहून जास्त प्रकारचे. चांगला हात पडणं हे नशीबच. इथेच क्लबातला ब्रिज घरातल्या पत्त्यांपासून वेगळा होतो, आणि ते समजल्याशिवाय या वादात बोलण्यात अर्थ नाही. डुप्लिकेट पद्धतीत पानं प्रत्येक डावाला पिसत नाहीत. एकदा वाटलेले चार हात बोर्डाच्या चार खाचांत बसवतात. आमचे बोर्ड शिसवी लाकडाचे आहेत, कोण्या सुताराने केलेले, कडेला रंगाने उत्तर-दक्षिण-पूर्व-पश्चिम लिहिलेलं. प्रत्येक जण आपलं पान टेबलाच्या मध्ये न टाकता स्वतःपुढेच दाखवून मग उपडं ठेवत जातो आणि डाव संपला की तेरा पानं पुन्हा आपल्या खाचेत. बोर्ड पुढच्या टेबलावर जातो. म्हणजे उत्तर-दक्षिण बसलेल्या प्रत्येक जोडीला तेच सव्वीस पत्ते मिळतात. तुलना होते ती समोरच्या शत्रूशी कमी आणि त्याच खुर्चीत बसलेल्या बाकीच्यांशी जास्त. फाटक्या पानांवर इतर चौघांचे बोलीपेक्षा पाच हात (चार पानांची एक फेरी म्हणजे एक हात) बुडाले आणि तुमचे तीनच बुडाले, तर तो डाव तुम्ही जिंकलात.

खेळायला लागल्यावरचा माझा पहिला महिना आठवतो. मी चार बदामांची बोली घेतली होती. म्हणजे बदाम हुकूम धरून दहा हात करायचे. समोर डमीत, म्हणजे भिडूच्या टेबलावर उघड्या मांडलेल्या पानांत, बदामाची तीन पानं आणि किलवरचं एकच. माझ्याकडे किलवरची तीन, तिन्ही हलकी. मी शाळेत गणित शिकवते. मनात म्हटलं, आधी शत्रूचे हुकूम काढून टाकू, मग निवांत. तीन वेळा हुकूम खेळले आणि डमीतले तिन्ही संपले. मग किलवर मारायला डमीत काय राहिलं? एक हात कमी पडला. डाव संपल्यावर बोर्डामागची घडी घातलेली चिठ्ठी उघडली: आमच्या आधी खेळलेल्या चार टेबलांवर दहा हात झाले होते. तेच पत्ते. नशिबाला बोल लावायला जागाच नव्हती. उजवीकडचे गृहस्थ, ज्यांना मी नुकतीच हरवू पाहत होते, शांतपणे म्हणाले, "बाई, आधी किलवर द्यायचं होतं. डमीत दोन मारून घ्यायची, हुकूम नंतर." चूक इतक्या उघडपणे, इतक्या लोकांसमोर आणि इतक्या कमी अपमानाने दाखवली गेल्याचा अनुभव मला त्याआधी नव्हता. स्टाफरूममध्ये तर नाहीच.

आणखी एक नियम सांगते, जो बाहेरच्यांना माहीत नसतो. ब्रिजमध्ये भिडूशी बोलायचं ते बोलीतूनच. तुम्ही दोघांनी कितीही नवे संकेत ठरवा, पण ते गुपित ठेवता येत नाहीत. 'दोन किलवर' या तुमच्या बोलीचा अर्थ काय, हे विरोधकाने विचारलं तर तुमच्या भिडूने ते सरळ सांगायचं. जेवढं तुम्हाला ठाऊक तेवढं त्यालाही. आणि भिडू बोली लावताना अडखळला, पानावर बोट ठेवून थांबला, तर ते तुम्हाला दिसलं तरी त्याचा फायदा घ्यायचा नाही. न दिसल्यासारखं खेळायचं. घेतला असं वाटलं तर समोरचा हात वर करून निवाडा करणाऱ्याला बोलावतो. आपल्याकडे पतपेढीपासून सोसायटीच्या कमिटीपर्यंत सगळा कारभार कशावर चालतो? आतल्या खुणांवर. कोणी कोणाला डोळा मारला यावर. मग जिथे आतल्या खुणेला शिक्षा आहे आणि समोरच्याला तुमची भाषा समजून घेण्याचा हक्क आहे, अशी खोली गावात असावी की नसावी?

इथवर मी जिंकत होते. आता सगळ्यात भारी आक्षेप. एक तरुण सभासद, व्यायामशाळेचा कट्टर समर्थक, त्याने ग्रुपवर लिहिलं: ही खोली कधी सगळ्यांची होती? याला आमच्याकडच्या कोणी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर नाही. जिमखाना नावाची चीजच मुळात दारं बंद करण्यासाठी जन्मली. मुंबईत गोऱ्यांचा वेगळा, पारशांचा वेगळा, हिंदूंचा वेगळा, मुसलमानांचा वेगळा. हिंदूंमध्येही सगळे हिंदू नव्हते. पळवणकर बाळू हे दलित क्रिकेटपटू, त्या काळचे सर्वोत्तम गोलंदाज. पण पुण्यात त्यांच्याच संघातले लोक त्यांना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात द्यायचे. बळी घ्यायला हात चालत होता, कपाला चालत नव्हता. त्यांचे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले तेव्हा १९२३ साल उजाडलं होतं. मैदानावर ही गत, तर आतल्या पत्त्यांच्या खोलीत कोण बसत असेल?

आमच्या वह्याही तेच सांगतात. पहिल्या काही वह्यांतली आडनावं वाचली तर एका पेठेची मतदारयादी वाटावी. बाईचं नाव येतं तेव्हा ते नाव नसतंच: 'सौ. अमुक, पाहुण्या'. मी स्वतः अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा दारात उभी राहिले तेव्हा एका सभ्य गृहस्थांनी अगदी हसतमुखाने सांगितलं, "वहिनी, रमीचं टेबल खाली आहे." मी कोणाची वहिनी नव्हते, आणि रमी मला येत नाही. पुढे दोन महिने कोणी भिडू मिळेना. त्यात सगळी भाषा इंग्रजी. पुस्तकं, शेरे, चुका काढणं, सगळं. इस्पिक-बदाम-चौकट-किलवर हे शब्द ज्या खेळाला आयते मिळालेत तो मराठीतून शिकवायला काय हरकत होती? पण दरारा टिकवायचा असला की भाषा हे चांगलं कुलूप असतं. हे सगळं मी मान्य करते, आणि स्मरणिकेत हे आलं नाही तर तो इतिहास होणार नाही, सत्काराचं भाषण होईल.

पण यातून निष्कर्ष कोणता काढायचा? खोली बंद करा, हा? मग व्यायामशाळेची मासिक फी भरणारे कोण असतील ते एकदा पाहा. दार अरुंद असलं तर भिंत पाडून तिथे दुसरं अरुंद दार बसवणं हा उपाय नसतो. मुंबईच्या चौरंगी आणि मग पंचरंगी, म्हणजे धर्मवार संघांच्या क्रिकेट सामन्यांचं उदाहरण घ्या. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटली आणि खेळात धर्माच्या संघांना जागा नको हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढे १९४६ नंतर ती स्पर्धा बंद पडली. बरं झालं. पण मरीन ड्राइव्हवरची त्या जिमखान्यांची मैदानं कोणी नांगरली नाहीत. संघ बदलले, खेळपट्टी राहिली. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना ब्रिजच्या मुख्य संघटनेत प्रवेश नव्हता, म्हणून १९३२ साली त्यांनी आपली वेगळी अमेरिकन ब्रिज असोसिएशन काढली. ज्यांच्या तोंडावर दार बंद झालं त्यांनी 'हा गोऱ्यांचा खेळ' म्हणून पत्ते फेकले नाहीत. स्वतःची टेबलं मांडली. मुख्य संघटनेची वर्णबंदी १९६७ पर्यंत पुरती उठली. आणि आपल्याकडे १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरली, वय वर्षं तेरा. हरलेल्या पुरुषांनी आकांत केला, प्रकरण जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांच्यापर्यंत गेलं, आणि बायकांना अडवता येणार नाही असा निर्वाळा आला. पुरुषांची स्पर्धा बायकांवर अन्याय करते म्हणून ती बंद करा, असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर?

बुद्धिबळाचा विषय निघालाच आहे तर सांगलीला थांबते. मोठं शहर नाही, बड्या उद्योगपतीचा आश्रय नाही. पण भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ चालवलं, आणि त्या गावातून भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू आल्या. कशाने आल्या? पट आणि सोंगट्या कुठल्याही दुकानात मिळतात. सांगलीत एक ठरलेली जागा होती, ठरलेल्या वेळी उघडणारी, आणि तिथे येणाऱ्या पोरीला 'तू कोणाची' हे न विचारता समोर बसवणारा माणूस होता. आमच्याकडे जागा आहे. त्या माणसाची भूमिका आम्ही कोणीच केली नाही.

म्हणून व्यायामशाळावाल्यांचा चौरस फुटांचा हिशेब ऐकताना मला शरम वाटते, राग येत नाही. ते म्हणतात, आठवड्यातून तीन संध्याकाळी चौदा माणसं. बाकी वेळ खोली रिकामी. आकडे बरोबर आहेत. मधुमेह घरोघरी आहे आणि सकाळी सहाला ट्रेडमिलसाठी खाली रांग असते हेही मी पाहिलंय. सार्वजनिक जागेचा उपयोग मोजू नये असं मी म्हणणार नाही. पण मोजायचं ते काय? डोकी मोजायची तर वाचनालयाची संदर्भ खोली उद्याच बंद करावी लागेल, नाटकाच्या तालमीची खोली परवा. ट्रेडमिलवर वीस माणसं कानात गाणी घालून शेजारी-शेजारी पळतात आणि वर्षभरात एकमेकांची नावं कळत नाहीत. त्यात वाईट काही नाही, घाम गाळायला नाव लागत नाही. पण तो उपयोग एकेकट्याचा आहे, आणि गल्लीच्या टोकाला पैसे टाकले की तो विकत मिळतो. आमच्या चौकात दोन खाजगी व्यायामशाळा आहेत. चार माणसांचं टेबल, नियम, निवाडा करणारा आणि साठ वर्षांचं साचलेलं शहाणपण यांचं दुकान कोणी काढत नाही. बाजार जे देतो त्यासाठी संस्थेने तिचं एकुलतं एक वेगळेपण द्यायचं, हा कुठला व्यवहार?

खेळ ओस पडला म्हणजे तो मेला, असंही नाही. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ब्रिज भांडवलदारी चैन ठरला आणि टेबलं उचलली गेली. पुढे डेंग झियाओपिंग सत्तेवर आले. ते स्वतः पट्टीचे खेळणारे. सगळी पदं सोडल्यावरही चिनी ब्रिज संघटनेचं मानद अध्यक्षपद त्यांनी ठेवलं. आज चिनी संघ जागतिक स्पर्धेत कोणालाही घाम फोडतात. अर्थात आमच्याकडे कोणी डेंग नाही, व्यवस्थापक समिती आहे. पण मुद्दा कळावा.

राहता राहिला तरुणांचा हुकमी प्रश्न: हे सगळं मोबाइलवर खेळता येत नाही का? येतं, आणि उत्तम येतं. करोनाच्या दोन वर्षांत आम्ही ऑनलाइनच खेळलो. माझी बोली सुधारली ती तिथेच. अमेरिकेत गेलेला आमचा एक सभासद तेव्हा अकरा वर्षांनी आमच्या टेबलावर बसला. ज्याला येतं त्याला पडदा पुरतो. ज्याला येत नाही त्याचं काय? ब्रिज शिकला जातो मागे खुर्ची टाकून, दुसऱ्याच्या हातातली पानं बघत, डाव संपल्यावरची दहा मिनिटांची हुज्जत ऐकत. पडद्यावर डाव संपला की भिडू पुढच्या टेबलावर आणि हरलेला घरच्या घरी गायब, हुज्जतच नाही. आणि कोणी चिडून मधूनच बाहेर पडला तर पडला. खोलीत तसं जाता येत नाही. ज्याच्यावर चिडलात त्याच्याचसमोर पुढचा बोर्ड येतो, आणि बहुधा चहाही त्याच्याच थर्मासमधून.

मग खोली ठेवायची ती कोणत्या बोलीवर? माझी एक सूचना मी लेखी दिली आहे. तीन संध्याकाळींपैकी एक पूर्णपणे नवशिक्यांची, मराठीतून, सभासद नसलेल्यांनाही खुली. आसपासच्या शाळा-महाविद्यालयांना पत्रं. आणि दोन वर्षांनी वह्या तपासून पुन्हा ठराव. तोवर नवी पंचवीस माणसं आली नाहीत तर टेबलं मी स्वतः उचलून खाली नेईन. यावर आमच्याच बाजूच्या तिघांनी नाराजी कळवली. नवशिक्यांमुळे खेळाचा दर्जा घसरेल म्हणे. दर्जा राखत राखतच आपण सहा टेबलांवरून तीनवर आलो, हे त्यांना कोणी सांगायचं?

आणि माझे भिडू? पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, नऊ वर्षं माझ्यासमोर बसणारे. ते ठरावाच्या बाजूने मत देणार आहेत. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, घराजवळची व्यायामशाळा त्यांना परवडत नाही, आणि जिना चढून वर येणं दिवसेंदिवस जड जातंय. व्हरांडा निदान तळमजल्यावर आहे, असं ते म्हणतात. माझा वरचा सगळा युक्तिवाद मी त्यांना बुधवारी दोन बोर्डांच्या मध्ये ऐकवला. त्यांनी पानं लावता लावता ऐकून घेतलं, शाळा-महाविद्यालयांच्या पत्राचा मसुदा मागून घेतला, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक पेन्सिलीने दाखवली आणि म्हणाले, "मत माझं तिकडेच आहे, बाई. बोली तुमची आहे, लावा."